हातातलं सामान

विमानवाले म्हणतात, हातात आठ किलो. वर एक ग्रॅम नाही.
घरचा काटा गंजलाय, तो तोंड बघून आकडा सांगतो,
म्हणून बॅग घेऊन मी संध्याकाळच्या लिलावात गेलो,
हर्णैच्या वाळूवर, बैलगाड्या चुकवत.

हिराक्का पावशेनं काट्यावरची टोपली उतरवली,
तांब्याभर पाणी मारून पत्रा पुसला,
म्हणाली, ठेव तुझी मासळी.

मोठी लेन्स एकटी दीड किलो.
"एवढी सुरमई हजाराच्या खाली देणार नाय मी."
कॅमेरा, जोडीचा कॅमेरा, फ्लॅश,
चार्जरांची गुंतवळ, तिपाई.
अकरा किलो दोनशे.
यात स्वेटर नाही, प्रेशरच्या गोळ्या नाहीत.

सव्वीस वर्षं हेच उचललं.
उजवा खांदा डाव्याहून बोटभर खाली,
शिंपी काही न बोलता
सदऱ्याची त्या बाजूची शिवण सावरून घेतो.
केळशी, मुरूड, आंजर्ले, आडे,
किती अंतरपाट, किती रुसलेले मामा,
तारीख मोकळी नाही असं कधी म्हटलं नाही.
या मार्चात बारा दिवस म्हणतोय.

भाचा तिकडे बोटीच्या इंजिनावर असतो,
नॉर्वेच्या वरच्या अंगाला, बेटांवर.
त्यानं एकदा फोटो पाठवला :
वलांडी. आपल्या पाजपंढरीला असतात तशाच,
फक्त माडाएवढ्या उंच वाटल्या,
शेपटीला शेपूट बांधून मासा लटकवलेला
आणि मागे बर्फ.
तीन वर्षं तो फोटो मी बघतोय.
जमलं ते एकाच तिकिटाचं.

बायको म्हणाली, मोबाईल आहे की.
मी दोन दिवस बोललो नाही.

मग लेन्स विकली, दापोलीच्या एका पोराला.
तिच्या कड्यावर हळदीचा डाग आहे,
कुणाच्या लग्नातला ते आठवत नाही.
पोरगा नखानं खरवडत होता.
म्हटलं, तो जायचा नाही. त्याचे पैसे कापू नकोस.

आलेल्या पैशात भर घालून घेतला तो
साबणाच्या वडीएवढा.
समोर एकच लेन्स, तीही हलत नाही.
जवळचं हवं तर आपण जवळ जायचं,
लांबचं लांब राहणार.
दुकानदार हे गुण म्हणून सांगत होता.

सुवर्णदुर्गाच्या होडीत त्याला घेऊन बसलो.
खांद्यावर काही नसताना
उजवीकडेच झुकून चालत होतो जेटीवर.
कुरव उठले पाण्यावरून, सगळे एकदम,
जुना हात जुन्या कड्याला वळवायला गेला
आणि हवा वळवून परत आला.
फोटोत तटाची भिंत आली, होडीवाल्याचं कोपर आलं,
भरपूर आभाळ,
त्यात मोहरी सांडल्यासारखे कुरव.
रात्री तीनदा उघडून पाहिला.
चुकलाय असं म्हणता येईना.

जेवताना ती म्हणाली,
फोटो आणशील रे, पण तिथं वास
आपल्यासारखाच येतो का, ते मला कसं कळायचं?
मी भात कालवत राहिलो.
याला काय उत्तर द्यायचं?

काल पुन्हा काट्यावर :
सात किलो शंभर, स्वेटर धरून.
हिराक्का आकडा बघत उभी राहिली,
मग आतून सुके बोंबील काढले, अर्धा किलो,
तीन पिशव्यांत गुंडाळले, वर सुतळी.
"त्यांच्या नाकाखाली धर. काय म्हणतात ते येऊन सांग."

थंडीत बॅटऱ्या मरतात म्हणे,
त्या आतल्या खिशात, छातीशी.
बोंबील बॅगेत, कॅमेऱ्याला खेटून.
वास लागेल त्याला.
लागू दे.

बोंबलाचे पैसे मात्र तिनं पुरते घेतले.